दादाभाई नौरोजी रोडवरच्या कमानी: एका दुकानदाराच्या प्रश्नाचं उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. फोर्टात दादाभाई नौरोजी रोडवर तुमच्या कुटुंबाचं पागडीवरचं, म्हणजे जुन्या नियंत्रित भाड्याचं दुकान आहे. इमारत शंभर वर्षांहून जुनी आहे आणि वारसा यादीत आहे. वरून पाणी झिरपतं, घरमालक लक्ष देत नाही. कॉन्ट्रॅक्टर म्हणतो, समोर पूर्ण काच लावा, मोठा बोर्ड करा, मागची भिंत पाडून दोन गाळे जोडा. तुम्ही विचारता, या इमारतींचं खरंच एवढं महत्त्व आहे का, की त्या फक्त जुन्या आहेत? आणि असल्यास, एका दुकानदाराच्या हातात काय आहे?

मी संवर्धनाचं काम करणारा वास्तुरचनाकार आहे आणि फोर्टातल्या इमारतींच्या दुरुस्तीत बराच काळ काढला आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर ‘हो’ असं आहे, पण त्याचं कारण समजून घ्यायला हवं. तुमच्या इमारतीत कदाचित एकटीने डोळ्यात भरावं असं काहीच नसेल. या रस्त्याची किंमत तळमजल्यावरच्या सलग कमानींत आहे, आणि त्यांतली एक कमान तुमच्या दुकानासमोर उभी आहे.

जुनी मुंबई तटबंदीच्या आत होती. अपोलो गेट, चर्च गेट आणि बाजार गेट हे तिचे तीन दरवाजे. 1860 च्या दशकात गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांनी ही तटबंदी पाडायला घेतली. त्याच सुमारास अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे तिकडचा कापूस इंग्लंडला पोचेनासा झाला, इथल्या कापसाला सोन्याचा भाव आला आणि शहरात अमाप पैसा खेळू लागला. 1865 मध्ये युद्ध संपताच तो फुगा फुटला आणि कितीतरी व्यापारी धुळीला मिळाले. पण तट पडून मोकळी झालेली जमीन आणि नव्या शहराचे आराखडे मागे राहिले. पश्चिमेकडचा तट गेल्यावर तिथला जुना अरुंद रस्ता रुंद झाला. गव्हर्नर विल्यम हॉर्नबी यांच्या नावावरून तो हॉर्नबी रोड म्हणून ओळखला जाई. आज आपण त्याला डी. एन. रोड म्हणतो. क्रॉफर्ड मार्केटपासून निघून, सीएसएमटी स्टेशनला वळसा घालून तो हुतात्मा चौकात येतो. तिथलं फ्लोरा फाउंटन 1864 चं आहे आणि ते जुन्या चर्च गेटच्या जागी उभं आहे.

व्यापारी पेठ कशी बांधावी याची वेगवेगळी उत्तरं फोर्टात चालत जाता येईल एवढ्या अंतरात सापडतात. ती शेजारी ठेवून पाहिली की डी. एन. रोडचं वेगळेपण कळतं.

पहिलं हॉर्निमन सर्कल. पूर्वी तिथे बॉम्बे ग्रीन नावाचं मोकळं मैदान होतं आणि कापसाच्या गासड्या तिथे रचलेल्या असत. तिथे गोल बाग करून भोवती इमारती उभारण्याची कल्पना पोलीस कमिशनर चार्ल्स फोर्जेट यांनी उचलून धरली. 1872 पर्यंत ते एल्फिन्स्टन सर्कल पूर्ण झालं. वक्राकार इमारती, खाली कमानी, आणि सगळ्या दर्शनी भिंती एकाच हातच्या. मालक कितीही असले तरी बाहेरचा चेहरा एकच. पूर्वेला 1833 चा टाऊन हॉल, म्हणजे आपली एशियाटिक, आणि पश्चिमेला सेंट थॉमस कॅथीड्रल यांच्यामध्ये ही गोलाई इतकी सहज बसली आहे की ती पुढे दीडशे वर्षं कोणाला बदलावीशी वाटली नाही. स्वातंत्र्यानंतर तिला ‘बॉम्बे क्रॉनिकल’चे संपादक बेंजामिन हॉर्निमन यांचं नाव मिळालं.

दुसरं बॅलार्ड इस्टेट. अलेक्झांड्रा डॉक खोदताना निघालेली माती समुद्रात भरून ही जमीन तयार झाली आणि 1914 ते 1918 च्या दरम्यान वास्तुकार जॉर्ज विटेट यांच्या देखरेखीखाली तिथली कार्यालयं उभी राहिली. जमीन पोर्ट ट्रस्टची असल्यामुळे उंची, शैली, दगड सगळ्यावर त्याचं नियंत्रण होतं. तिथे आजही शिस्त दिसते, पण मला ती जरा निर्जीव वाटते. रविवारी तर फारच.

तिसरं उत्तर डी. एन. रोडचं, आणि माझ्या मते तेच सर्वांत शहाणं. इथे शेकडो मालक होते. पारशी, बोहरी, गुजराती, इंग्रज कंपन्या, ज्याची त्याची आवड वेगळी. त्यांना एकच नकाशा मान्य झाला नसता. 1896 च्या कायद्याने तळमजल्यावर पादचाऱ्यांसाठी कमानींचा रस्ता सोडणं बंधनकारक केलं, आणि त्याच्या वर ज्याने त्याने हवं ते केलं. म्हणून इथे चेहरे वेगळे आणि पाया एक आहे. 1898 ची जे. एन. पेटिट लायब्ररी गॉथिक आहे. वाच्छा अग्यारीच्या, म्हणजे पारशी अग्निमंदिराच्या दारात पंख असलेले असिरियन बैल आहेत. अंजुमन-इ-इस्लामची शाळा घुमट आणि मिनार घेऊन उभी आहे. सीएसएमटीसमोर कॅपिटल सिनेमा आहे, जो आधी गेटी थिएटर होता. व्हाइटवे लेडलॉ या विलायती मालाच्या दुकानाच्या इमारतीत पुढे खादी भांडार आलं. इतक्या वेगवेगळ्या वास्तू एका रांगेत उभ्या असूनही रस्ता विस्कटत नाही, कारण चालणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर खांब आणि कमानी सलग चालू राहतात.

आणखी थोडं पुढे गेलात तर 1930 च्या दशकातल्या विमा कंपन्यांच्या इमारती भेटतील. त्या आरसीसीच्या आणि आर्ट डेको शैलीतल्या आहेत. महात्मा गांधी रोडवरची न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्सची इमारत मास्टर, साठे आणि भुता यांनी रचली आणि तिच्यावरची कष्टकरी माणसांची उंच शिल्पं ना. ग. पानसरे यांची आहेत. तिच्याखालून कधी गेलात तर मान वर करून नक्की पाहा. मराठी शिल्पकाराचं एवढं मोठं काम भर रस्त्यात असून फार थोड्यांना त्याचं नाव ठाऊक आहे. या शहराच्या बांधणीत आपल्या माणसांचा हात किती होता हेही इतिहासात दोन ओळींत उरकलं जातं. सीएसएमटीचे वास्तुकार एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स सगळ्यांना माहीत आहेत. त्यांच्याबरोबर सीताराम खंडेराव वैद्य यांच्यासारखे अभियंते होते, आणि जे. जे. कला शाळेच्या विद्यार्थ्यांनी पानं, पक्षी, माकडं, मुखवटे कोरले. महानगरपालिकेची इमारत उभारणारे कंत्राटदार व्यंकू बाळूजी काळेवार होते.

आता या कमानींचं काम काय, ते सांगतो. मुंबईत चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो आणि उरलेलं वर्ष ऊन भाजून काढतं. कमानीखालून माणूस छत्री न उघडता चालतो, दुकानाच्या दारात उभा राहतो, आत डोकावतो. गिऱ्हाईक थांबण्याची ही जागा इमारतीने स्वतःच्या जमिनीतून दिलेली आहे. जागा मालकाची, पण वाट सगळ्यांची. शिवाय दुकानाची दर्शनी भिंत आत सरकल्यामुळे मालावर थेट ऊन येत नाही. वरच्या मजल्यांची समोरची सगळी भिंत मात्र बाहेरच्या खांबांवर उभी असते. म्हणजे ज्या खांबाला तुम्ही सहज खिळा ठोकता किंवा लोखंडी कोन बसवता, तो दोन-तीन मजल्यांचं ओझं पायाकडे नेत असतो.

दगडाबद्दल थोडं विस्ताराने लिहितो, कारण इथेच सर्वांत जास्त नुकसान होतं. या भागातल्या भिंतींना कुर्ला आणि मालाडच्या खाणींतला पिवळसर दगड आहे, जोत्याला आणि फरशीला काळा कातळ आहे, आणि नक्षीकामाला बहुतेक ठिकाणी पोरबंदरचा चुनखडीचा दगड आहे. तो मऊ असतो, छिन्नीला सहज वश होतो. मालाडचा दगड आता दुरुस्तीसाठी मिळवणं अवघड आहे, म्हणून जो आहे तो जपावा लागतो. हे सगळं चुन्यात बांधलेलं आहे. चुना दगडापेक्षा मऊ असतो आणि भिंतीतली ओल दरजांतून, म्हणजे दगडांमधल्या सांध्यांतून, बाहेर जाऊ देतो. पावसाळ्यात भिंत पाणी पिते आणि दिवाळीनंतर ते हळूहळू सोडते. या इमारती शतकभर टिकल्या त्या या देवाणघेवाणीवर.

आपला कॉन्ट्रॅक्टर येतो आणि दरजांत सिमेंट भरतो. ते दिसायला पक्कं आणि स्वच्छ वाटतं. पण आता ओलीला दरजेतून बाहेर पडता येत नाही. ती दगडातून बाहेर पडू पाहते, सोबत क्षार घेऊन येते, ते क्षार दगडाच्या पृष्ठभागामागे साठतात आणि दगडाचे पापुद्रे सुटू लागतात. काही वर्षांत सिमेंटची दरज जशीच्या तशी पुढे आलेली आणि दगड मात्र आत झिजलेला, असं चित्र दिसतं. रंगाचंही तेच. दगडावर ऑइल पेंट मारला की त्याचा श्वास कोंडतो. फ्लोरा फाउंटनच्या पोर्टलंड दगडावर वर्षानुवर्षं रंगाचे थर चढले होते. 2019 मध्ये पूर्ण झालेल्या दुरुस्तीत ते काढले गेले, तेव्हा कुठे खालचं कोरीवकाम पुन्हा नीट दिसू लागलं. तुमच्या खांबांवर असे थर असतील तर ते कोणाकडूनही वाळूचा मारा करून किंवा अ‍ॅसिडने काढून घेऊ नका. पोरबंदरचा दगड अ‍ॅसिडमध्ये अक्षरशः विरघळतो. लगद्याचे लेप लावून रंग मऊ करायचा आणि मऊ ब्रशने उतरवायचा, हे काम सावकाशीचं आहे आणि आधी एका लहान तुकड्यावर करून बघायचं असतं.

दुसरा शत्रू गंज. त्या काळच्या बऱ्याच इमारतींत मजले लोखंडी गर्डरवर आहेत, दोन गर्डरांच्या मध्ये विटांची चपटी कमान आणि वर कोबा, म्हणजे चुन्याचा कुटलेला थर. काही ठिकाणी सागवानी तुळया आणि कडीपाट, म्हणजे लाकडी कड्यांवर फळ्या. सज्जांचे दगडी ब्रॅकेट दिसतात, पण आत लोखंड घातलेलं असतं. पाणी तिथवर पोचलं की लोखंड गंजतं, गंजताना फुगतं आणि भोवतीचा दगड आतून फोडतं. काळा घोड्याजवळची एस्प्लनेड मॅन्शन, म्हणजे जुनं वॉटसन हॉटेल, हे या बाबतीत सर्वांनी लक्षात ठेवावं असं उदाहरण आहे. तिचा ओतीव लोखंडाचा सांगाडा इंग्लंडमध्ये तयार होऊन आला, 1869 च्या सुमारास इमारत उभी राहिली, आणि 7 जुलै 1896 रोजी ल्युमिए बंधूंचे चित्रपट हिंदुस्थानात पहिल्यांदा दाखवले गेले ते तिथेच. 2005 मध्ये तिचा सज्ज्याकडचा भाग कोसळला आणि 2019 मध्ये ती रिकामी करावी लागली. इतकी महत्त्वाची वास्तू, आणि तिची ही अवस्था मुख्यतः दुर्लक्षाने झाली, याचं मला आजही फार वाईट वाटतं.

म्हणून तुमच्याकडे पाणी झिरपतंय, तर आधी छतावर जा. दुकानाच्या छताला प्लास्टर करून काही होणार नाही. गच्चीवर पाहा की पन्हळी कचऱ्याने तुंबल्या आहेत का, पावसाच्या पाण्याचे बिडाचे नळ कुठे फुटले आहेत, आणि जुन्या कोब्यावर एकावर एक किती थर चढवले आहेत. प्रत्येक गळतीनंतर नवा थर टाकायची सवय इमारतीवर नुसतं वजन वाढवते. जुना निकामी थर काढून, उतार नीट करून मगच नवा घालावा. भिंतीत पिंपळ उगवला असेल तर नुसता कापू नका. मुळं दगडांच्या सांध्यात राहतात आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतात. मुळं मारून, सांधा चुन्याने भरून काढावा लागतो. वरच्या मजल्यावरच्या एसीचं पाणी कुठे पडतं हेही बघा. बाराही महिने एकाच दगडावर ठिबकणारं पाणी पावसाळ्याइतकंच घातक असतं.

आता कॉन्ट्रॅक्टरचे तीन सल्ले.

मागची भिंत पाडणं विसरून जा. या इमारतींत भिंतीच भार घेतात, त्या पडद्यासारख्या नाहीत. दोन गाळे जोडायचेच असतील तर स्ट्रक्चरल इंजिनीअर वरच्या प्रत्येक मजल्यावर त्या भिंतीवर काय आहे ते पाहील, आणि जमत असेल तर मर्यादित रुंदीचं दार, वर योग्य आधार देऊन, काढता येईल. पोटमाळ्याचंही तसंच. जुन्या भिंतीत नवे गर्डर घुसवून त्यावर मालाचे गठ्ठे रचणं धोक्याचं आहे. पोटमाळा हवाच असेल तर परवानगी घेऊन, स्वतःच्या पायांवर उभा राहणारा आणि भिंतीला हात न लावणारा सांगाडा करता येतो.

काचेला माझा विरोध नाही. कमानीच्या आतल्या रेषेवर, मूळ दुकानाच्या दर्शनी भागी, सागवानी किंवा सडपातळ धातूच्या चौकटीत काच छान दिसते. मूळ लाकडी दारं, वरची झडपं, रंगीत काच शिल्लक असेल तर ती काढू नका, दुरुस्त करा. मात्र खांब आणि कमानी झाकणारी काच किंवा अ‍ॅल्युमिनियमचे पत्रे बाहेरच्या रेषेवर लावले तर वाट बंद होते, आणि रस्त्याच्या वारशातला तुमचा वाटाच नाहीसा होतो.

बोर्ड कमानीच्या आत, तिच्या आकारात बसवा. सुटी धातूची अक्षरं दगडात न ठोकता दरजांत अडकवलेल्या पट्टीवर बसवली तर पुढे काढताना दगडाला इजा होत नाही. 2022 पासून दुकानाचं नाव मराठीत, देवनागरीत आणि इतर लिपीपेक्षा लहान नसलेल्या अक्षरांत लिहिणं सगळ्या दुकानांना बंधनकारक आहे. त्या निमित्ताने बऱ्याच दुकानांनी जुन्या बोर्डावर आणखी एक मोठा फ्लेक्स चढवला. त्याऐवजी कमानीच्या रुंदीत दोन्ही लिप्या नीट मांडून एकच बोर्ड केला तर तो लांबूनही वाचता येतो आणि वास्तूही मोकळी राहते. चांगली देवनागरी अक्षरं करून देणारे कलाकार या शहरात आहेत, त्यांना काम द्या.

हे एकट्याने करून उपयोग काय, असं तुम्हाला वाटत असेल. डी. एन. रोडवरच याचं उत्तर मिळालेलं आहे. 1990 च्या दशकाच्या अखेरीपासून संवर्धन वास्तुकार आभा नारायण लांबा यांच्या आराखड्याप्रमाणे या रस्त्यावर काम झालं. कमानी झाकणारे बोर्ड उतरवून आत बसवले गेले आणि रस्त्यावरचं सामान एका पद्धतीचं झालं. दुकानदार आणि रहिवासी हेरिटेज माइल असोसिएशन म्हणून एकत्र आले. 2004 मध्ये युनेस्कोच्या आशिया-पॅसिफिक पुरस्कारांत या कामाची सन्माननीय नोंद झाली. मला त्यातली सर्वांत मोलाची गोष्ट वाटते ती ही, की दुकानदारांना समजावून, त्यांना सोबत घेऊन ते घडलं. एकाची कमान मोकळी झाली की शेजारचा आपली बघू लागतो. त्यानंतर पुन्हा ढिलाई आली आहे, हे खरं. देखभाल थांबली की असं होतंच.

घरमालकाबद्दल. त्याची बाजूही पाहा. 1947 च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी 1940 च्या पातळीशी बांधली. पुढे पन्नास वर्षं दगड, लाकूड, मजुरी महाग होत गेली आणि भाडं जवळपास तिथेच राहिलं. एवढ्या भाड्यात पन्हळी साफ करायचा खर्चही निघत नसे. 1999 च्या कायद्याने बँका आणि एक कोटी किंवा त्याहून जास्त भरणा भांडवल असलेल्या कंपन्यांना या संरक्षणाबाहेर काढलं, पण लहान दुकानदारांचं संरक्षण राहिलं. तुम्हाला त्याचा फायदा मिळतो, त्यामुळे दुरुस्तीचा काही वाटा भाडेकरूंनी उचलणं मला न्याय्य वाटतं. अनेक इमारतींत भाडेकरू एकत्र येऊन, मालकाची लेखी संमती घेऊन, खर्च जागेच्या प्रमाणात वाटून घेतात. पैसे कोणी किती दिले याची नोंद ठेवा, पुढे वाद होत नाहीत.

परवानगीची भीती बाळगू नका. वारसा यादीत पहिली, दुसरी अ, दुसरी ब आणि तिसरी अशा श्रेणी आहेत आणि डी. एन. रोडचं रस्तादृश्य दुसरी अ मध्ये येतं. या श्रेणीत आतले बदल आणि नवा वापर साधारणपणे मान्य होतात, छाननी होऊन. बाहेरच्या बदलांसाठी महानगरपालिकेची आणि वारसा समितीची मंजुरी लागते. मूळ साहित्यात, मूळ पद्धतीने केलेली दुरुस्ती समितीला समजावून सांगणं सोपं असतं. अर्जाबरोबर आजच्या स्थितीचे फोटो, मोजमापाचा नकाशा आणि जुने फोटो मिळाले तर तेही जोडा. तुमच्या घरातल्या जुन्या अल्बममध्ये दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो असेल तर तो हमखास कामाला येतो, कारण मूळ दरवाजा कसा होता ते त्यात दिसतं.

कामाचा क्रम असा ठेवा. पाऊस संपल्यावर लगेच, ओल अजून भिंतीवर दिसत असताना, संवर्धन वास्तुकाराकडून पाहणी करून घ्या, कारण गळतीचा माग तेव्हाच लागतो. हिवाळ्यात परवानग्या आणि चुन्याची तयारी. चुना आधीपासून भिजवून मुरवावा लागतो, ऐन वेळी आणलेल्या कोरड्या पुडीतून चांगली दरज होत नाही. जुने गवंडी त्यात सुरखी (विटांची भुकटी), गूळ, हिरडा घालतात. ते प्रमाण तुमच्या भिंतीतल्या मूळ चुन्याचा नमुना तपासून ठरवावं. फेब्रुवारी ते एप्रिल गच्ची, पन्हळी, नळ आणि मग दरजा. दरजा भरल्यावर काही दिवस ओल्या गोणपाटाने झाकून ठेवायच्या, नाहीतर उन्हाने तडकतात. दुकानाच्या आतलं सुशोभीकरण सगळ्यात शेवटी, एक पावसाळा कोरडा गेल्यावर. बोर्ड मात्र आधी करून घेतला तरी चालेल.